न मागितलेली जवारी

"हे लाकूड आहे का पापड?"

लतीफनं गिटार एका हातानं उचलली, दुसऱ्या हातात घेतली, परत पहिल्या हातात घेतली आणि हसायला लागला. त्याच्या मागं भिंतीला सुकवलेले भोपळे टांगलेले, पुढ्यात अर्धी झालेली सतार आणि मधे मांडी घालून बसलेला हा. मी दारातच उभी होते.

"हसू नका," मी म्हणाले. "येत्या रविवारी माझी परीक्षा आहे तिच्यावर."

"हिच्यावर? बाई, जोरात फुंकर मारली तर उडून जाईल ही."

"म्हणूनच पाहिजे मला."

त्यानं मान वर करून बघितलं. मग गिटार मांडीवर आडवी घेतली आणि मानेपासून खालपर्यंत बोट फिरवत गेला. आतून बाप ओरडला, "कोण आहे रे?" हा म्हणाला, "दवाखान्यातल्या बाई आहेत, अब्बा. गिटार घेऊन आल्यात." आतून कपाळावर हात मारल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला.

ही १९८१ सालची गोष्ट. मी एस्तेर हिवाळे, तेव्हा तेवीस वर्षांची. मिरजेत मिशनच्या दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीत बसायचे. पप्पा तिथंच कंपाउंडर. एक परदेशी नर्स मायदेशी जाताना तिची साधी गिटार आमच्याकडं ठेवून गेली, तिच्यावर मी चर्चमधे गाण्यांना साथ करायला शिकले. पण मला बसून साथ करायची नव्हती. मला उभं राहून, गळ्यात विजेची गिटार अडकवून, स्टेजवर वाजवायचं होतं. आता सांगताना हसू येतं, तेव्हा त्यापायी जेवण गोड लागत नसे.

सांगलीच्या श्रीपालअण्णा आरवाड्यांचा ऑर्केस्ट्रा होता. त्यांचा गिटारवाला नोकरी लागून मुंबईला गेला आणि जागा मोकळी झाली. मी जाऊन भेटले. अण्णा माणूस सरळ. म्हणाले, "मुलगी वाजवणार असेल तर पब्लिक तुटून पडेल. पण बसून नाही चालायचं. बसून वाजवायला हे काय भजन आहे?" आणि त्यांनी एक काळी गिटार माझ्या गळ्यात घातली. पाट्यासारखी जड. आठवीत सायकलवरून पडून माझं डाव्या खांद्याचं हाड मोडलेलं, ते वाकडंच जुळलेलं. दहा मिनिटांत हाताला मुंग्या आल्या आणि बोटं तारेवर पडेनात. अण्णांनी ते बघितलं. ते नको म्हणणार एवढ्यात मला कोपऱ्यात ट्रंकांच्या मागं ही हिरवी दिसली.

काय रूप होतं तिचं. शेवाळासारखा हिरवा रंग, दोन शिंगं, त्यातलं एक लांब आणि एक आखूड, आणि छातीवर घरातल्या दिव्यांना असतात तशी सहा खटक्याची बटणं ओळीनं. त्यातली तीन दाबली तर काहीच व्हायचं नाही. वीस वर्षांपूर्वीची, जपानी म्हणे. नावाची पट्टी केव्हाच पडून गेलेली, खिळ्यांची भोकं तेवढी राहिलेली. मान वाकलेली, तारा जिच्यावर टेकतात ती घोडी हरवलेली. पण गळ्यात घातली आणि खांद्याला कळलंच नाही की काही अडकवलंय. मी तशीच उभी राहिले. कुणी विचारलं असतं तर संध्याकाळपर्यंत उभी राहिले असते.

"ते खेळणं आहे," अण्णा म्हणाले. "पोरांना गंमत म्हणून कुणीतरी घेतलेलं. पण दुरुस्त करून आणलीस तर रविवारी अकरा वाजता हॉलवर ये. तिच्यावरच वाजवून दाखव. जमलं तर तू आत."

मिरजेत तारवाद्य बिघडलं की माणूस दर्ग्याकडच्या गल्लीत सतार करणाऱ्यांकडं जातो. गिटार हे तारवाद्यच की. म्हणून मी लतीफच्या बापाच्या, मौलालीचाचांच्या दुकानात येऊन उभी राहिले होते.

"करून देतो," लतीफ म्हणाला. "मान सरळ करतो, तिच्यावरचे पडदे नवे घालतो. घोडी मात्र नवीन करावी लागेल, हाडाची."

"काही करा. फक्त आवाज गिटारसारखाच आला पाहिजे."

"आणि कशासारखा येणार?" तो म्हणाला.

त्या आठवड्यात मी रोज दुपारच्या सुट्टीत डबा घेऊन तिथं जायला लागले. कामावर लक्ष ठेवायला जाते असं मी घरी सांगितलं, स्वतःलाही तेच सांगितलं. दुकानात लाखेचा आणि लाकडाच्या भुशाचा वास. मौलालीचाचा माझ्याशी फार बोलायचे नाहीत, पण चहा सांगताना न विचारता तीन सांगायचे.

मंगळवारी पुण्याहून एक गाणारे गृहस्थ तंबोरा घेऊन आले. चाचांनी तंबोरा मांडीवर घेतला आणि विचारलं, "जवारी कशी पाहिजे?"

"तुम्हाला योग्य वाटेल तशी लावा," गृहस्थ म्हणाले.

चाचांनी तंबोरा उचलून परत त्यांच्या पुढ्यात ठेवला. "वाद्य तुमचं, कान तुमचा. मागितल्याशिवाय आमच्या घरात जवारी लावत नाहीत. चार ठिकाणी ऐकून या, काय पाहिजे ते सांगा, मग लावतो. घाई नाही."

गृहस्थ बिचारे पुण्याहून आलेले, तसेच उठून गेले. मी लतीफकडं बघितलं. मला यातलं ओ की ठो कळलेलं नव्हतं. चाचा नमाजाला गेल्यावर त्यानं एक तयार तंबोरा जवळ ओढला.

"ही घोडी. हिच्यावरून तार जाते. हिची पाठ कानसेनं अशी घासायची, की तार जाता जाता तिला लागत राहिली पाहिजे. मग सूर नुसता वाजत नाही, वाजल्यावर उमलत जातो. ती जवारी. आता बघा."

तार आणि घोडी यांच्यामधे सुताचा एक दोरा होता. त्यानं तो ओढून काढला आणि तार छेडली. सरळ, कोरडा आवाज आला. दोरा परत घातला, केसभर पुढं, केसभर मागं सरकवला, आणि एका जागी आल्यावर आख्खा तंबोरा जागा झाला.

"एवढाच खेळ," तो म्हणाला. "दोरा काढला की नुसती तार, घातला की जवारी. जागा मात्र कानानं शोधावी लागते."

"तुम्हाला कशी आवडते?"

"मला कोण विचारतंय? दुसऱ्याच्या कानाची लावायची. आजपर्यंत हजार लावल्या असतील, माझ्या मनासारखी एक पण नाही." हे तो हसत म्हणाला.

बुधवारी मान सरळ झाली. गुरुवारी पडदे बसले. आम्ही बोलत बसायचो. मी त्याला खांद्याचं सांगितलं, स्टेजचं सांगितलं, ही गिटार अंगावर असूनही नसल्यासारखी वाटते आणि तेव्हाच मला मी सरळ उभी आहे असं वाटतं, हेही सांगितलं. असलं मी पप्पांनाही कधी सांगितलं नव्हतं. तो म्हणाला, "हलकी म्हणून हिला सगळे हसतात. मी पण हसलो. पण भोपळा काय जड असतो का? हिला नुसती टिचकी मारली तरी सगळं अंग वाजतं. जड लाकूड आवाज धरून ठेवतं, ही देऊन टाकते." मग जरा थांबून म्हणाला, "आणि ते सारखं लतीफभाई, लतीफभाई नका म्हणू."

"मग काय म्हणू?"

"काहीच नका म्हणू."

मी डब्याचं झाकण लावलं. खिडकीवर परत जायला त्या दिवशी दहा मिनिटं उशीर झाला आणि दुपारभर मी लोकांच्या केसपेपरवर चुकीच्या तारखा घालत बसले.

शनिवारी घोडी राहिली होती. "एकदा माझ्या कानानं ऐकू दे," मी म्हणाले. तो म्हणाला, "उद्या थेट हॉलवर आणतो. तिथंच ऐका." त्याच्या तोंडावर काहीतरी होतं. मला वाटलं, कामाचं दडपण असेल.

रविवारी चर्च सुटल्यावर मी तशीच पांढऱ्या साडीत बसनं सांगलीला गेले. हॉल म्हणजे एक मंगल कार्यालय. अण्णा पुढच्या खुर्चीत, तबलेवाला, ढोलकीवाला, दोन गाणाऱ्या, सगळे जमलेले. लतीफ इस्त्रीचा शर्ट घालून आलेला. त्यानं गिटार माझ्या हातात दिली. मी ती गळ्यात घातली, वायर जोडली, बटण दाबलं आणि सगळ्या तारांवरून हात फिरवला.

स्पीकरमधून जे निघालं ते गिटारचं नव्हतंच. सूर सुटला आणि सुटल्यावर थांबेचना, घुमत, झिणझिणत वर चढत राहिला. मग ढोलकीवाला म्हणाला, "अण्णा, तंबोऱ्याला शॉक बसला वाटतं," आणि सगळे हसले. गाणाऱ्या दोघी तोंडाला पदर लावून हसल्या. अण्णांनी घड्याळात बघितलं.

मी परत हात फिरवला. परत तेच. माझी कानशिलं तापली. जिच्यासाठी आठ दिवस जीव टांगणीला लावला ती जागा माझ्या डोळ्यांदेखत हातची जात होती. मी खाली बघितलं. तारा आणि हाडाच्या घोडीच्या मधून काहीतरी लाल गेलेलं दिसलं, पण ते काय आहे हे बघायच्या मनःस्थितीत मी नव्हते.

"हे काय केलंत?" मी स्टेजवरूनच विचारलं.

लतीफ पुढं आला. "बाई, एक मिनिट. तो दोरा..."

"तुम्ही बोलू नका. मी काय सांगितलं होतं? गिटारसारखा आवाज पाहिजे. मागितल्याशिवाय जवारी लावत नाहीत हा तुमच्याच घरचा नियम ना? मी मागितली होती?"

"नाही," तो म्हणाला.

"मग कुठल्या नात्यानं लावलीत?"

सगळा हॉल ऐकत होता. मला थांबता आलं असतं. माझी जीभ तेव्हा अशी होती की सुटली की सुटली. आईनं त्यापायी मला किती समज दिली होती. "सतार करणाऱ्याच्या हातात दिली हीच माझी चूक झाली," मी म्हणाले.

तो स्टेजवर चढला. माझ्याकडं न बघता खाली वाकला, लाल दोऱ्याचं टोक चिमटीत धरलं आणि एका ओढीत सहाही तारांखालून काढून घेतला. "आता वाजवा," म्हणाला. दोरा बोटाला गुंडाळत गुंडाळत तो स्टेज उतरला, शर्टाच्या खिशात टाकला आणि दारातून बाहेर गेला.

मी वाजवलं. आवाज स्वच्छ आला, गिटारचा, हवा तसा. अण्णांनी तीन गाणी वाजवून घेतली आणि म्हणाले, "आत." ढोलकीवाल्यानं टाळ्या वाजवल्या. मला जे पाहिजे होतं ते सगळं मिळालं होतं.

दुसऱ्या दिवशी मी दुकानात गेले नाही. लाज वाटत होती म्हणा, गुर्मी म्हणा. त्या पाठोपाठ तालमी सुरू झाल्या, मग कार्यक्रम. इचलकरंजी, जत, निपाणी, कराड. लोक "हिरवी गिटारवाली" म्हणायला लागले. मी उभी राहून वाजवत होते आणि खांदा दुखत नव्हता. पण दर कार्यक्रमात, एखादं गाणं संपताना शेवटचा सूर सोडला की मला वाटायचं, हा लवकर संपला. अजून राहायला पाहिजे होता.

सात महिन्यांनी, पेढे घेऊन, मी गल्लीत गेले. लतीफच्या जागी कुणीच नव्हतं. मौलालीचाचा एकटे कानस चालवत होते.

"तो दिल्लीला गेला," ते म्हणाले. "तिथं एकांच्या कारखान्यात काम धरलं. लग्न पण ठरलंय." त्यांनी पेढा घेतला, बाजूला ठेवला. "बस, बेटी. तुला एक सांगतो. त्यानं जन्मात एकदाच न मागता जवारी लावली. मी त्या शनिवारी बोललो त्याला. म्हटलं, अरे, आधी विचार तिला. तर म्हणाला, विचारायची हिंमत नाही होत, अब्बा. म्हणून माझ्या कानाची लावतो. तिनं एकदा ऐकली की तिला कळेल. नको असली तर दोराच आहे, ओढला की निघतो. तिचं काही नुकसान नाही."

मी बसूनच राहिले. चाचांनी चहा सांगितला, दोनच सांगितला.

मी त्याचा पत्ता मागितला नाही. मागून काय करणार होते? तो मुसलमान, मी ख्रिश्चन, साल ते, गाव ते, आणि त्याचं ठरलेलं. ही सगळी कारणं खरी आहेत. पण खरं कारण हे की त्यानं सगळ्यांसमोर मला विचारलं होतं, आणि मी सगळ्यांसमोर ते ओढून काढायला लावलं होतं.

पुढं माझं लग्न झालं. नवरा शिक्षक, भला माणूस, गेला त्याला आता सहा वर्षं झाली. ऑर्केस्ट्रा बंद पडला तेव्हा अण्णांनी गिटार मलाच दिली, दुसरं कोण घेणार होतं तिला. मी तिच्या तारा बदलल्या, बटणं बदलली, घोडी कधी बदलली नाही. आणि कुणी घरात नसताना मी दोरे घालून बघायचे. शिवणाचा दोरा, रेशमाचा, उसवलेल्या पदराचा. केसभर पुढं, केसभर मागं. कधी जरा घुमल्यासारखं व्हायचं आणि जायचं. जागा कानानं शोधायची असते, आणि माझ्या कानानं ती एकदाच ऐकली होती, तीही रागानं भरलेल्या कानानं.

मागच्या हिवाळ्यात भाची म्हणाली, "मावशी, साठ वर्षांची जुनी गिटार, कुणाला तरी दाखव तरी." मी ती खांद्याला अडकवली आणि एकटीच गल्लीत गेले. दुकान तेच. आत तिशीची एक मुलगी, ओढणी कमरेला खोचून, घोडी घासत बसलेली. कोपऱ्यात एक पांढऱ्या दाढीचा म्हातारा लाखेचे तुकडे निवडत होता.

"काय करायचंय, आजी?" मुलीनं विचारलं.

"जवारी लावायची आहे."

"गिटारला?" ती हसली. "कशी पाहिजे?"

मी तोंड उघडलं आणि मला सांगता येईना. एवढी वर्षं मनात धरलेली गोष्ट, पण ती कशी होती हे सांगायला शब्द नव्हते. "एकदा लावलेली होती," मी म्हणाले. "तशीच."

म्हाताऱ्याला आमचं बोलणं ऐकू गेलेलं नव्हतं. पण मुलीनं पिशवीतून हिरवी बाहेर काढल्यावर त्यानं बघितलं. हात पुढं केला. गिटार एका हातानं उचलली, दुसऱ्या हातात घेतली, परत पहिल्या हातात घेतली. मग माझ्याकडं बघितलं आणि बराच वेळ बघतच राहिला.

"अब्बांना कमी ऐकू येतं," मुलगी म्हणाली. "आता जवारी मीच लावते."

दिल्लीला गेलेला लतीफ केव्हा परतला होता, मला पत्ताच नव्हता. त्यानं लडीतून लाल सूत घेतलं, दातानं तोडलं आणि मुलीच्या हातात दिलं. स्वतः गिटार छातीशी घेतली, मान वाकवली आणि हनुवटी तिच्या लाकडावर टेकवली. मुलीनं दोरा सहाही तारांखाली घातला आणि एकेक छेडत सरकवायला लागली. तो डोळे मिटून मानेनंच सांगत होता, पुढं, अजून पुढं, मागं. "हलकी आहे," तो मधेच म्हणाला, बहिऱ्या माणसासारखं मोठ्यानं. "हाडातून कळतं. जड असती तर नसतं कळलं."

मग त्यानं बोट वर केलं. मुलगी थांबली. सगळ्या तारांवरून तिनं हात फिरवला.

तोच सूर. सुटला आणि सुटल्यावर थांबेना. वायर नाही, स्पीकर नाही, तरी भिंतीवरचे भोपळे जागे झाल्यासारखं वाटलं. या वेळी मी तो शेवटपर्यंत ऐकला, पार विरेपर्यंत ऐकला. मग पदरानं डोळे पुसले.

लतीफनं हनुवटी उचलली. "दोरा ठेवू," त्यानं विचारलं, "का काढू?"

"राहू दे," मी म्हणाले.

त्याला ऐकू आलं नाही. त्यानं कानामागं हात धरला आणि मुलीकडं बघितलं. ती सांगणार होती, मी तिला थांबवलं. जरा पुढं सरकले आणि रस्त्यावरची माणसं वळून बघतील एवढ्या मोठ्यानं सांगितलं, "राहू दे, लतीफ. काढू नकोस."